कशावरूनची वही

छत्रपती संभाजीनगर
५ जानेवारी २०२५

आदरणीय सत्यभामा बाई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. शहागंजातल्या शफीकभाईंकडे तुम्ही शिक्षिका असतानाच्या प्रयोगांच्या सात वह्या बांधायला दिल्या होत्या, त्या तुम्हाला महिनाभर उशिरा मिळाल्या. त्या उशिराचं कारण मी आणि त्यांची बायको ताहेरा. आम्ही दोघी त्या वह्या वाचत बसलो होतो. शफीकभाई उगाच बोलणी खात राहिले, त्यांना माफ करा.

माझी मुलगी शिवना नऊ वर्षांची आहे. तिला मी शाळेत घालत नाही, घरीच शिकवते. पुढं मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. ताहेराची उजमा तिच्याच वयाची, तीही घरीच शिकते. दर रविवारी दुकानाच्या माळ्यावर आम्ही दोघी, दोन पोरी आणि कधी आली तर आणखी दोन कुटुंबं, एवढाच आमचा गोतावळा.

गेली दोन वर्षं मी सोबत शोधून दमले. पहिल्या गटात सगळ्या हौशी आया होत्या, पण दिवस सुरू व्हायचा स्तोत्रानं. शिवना डोळे मिटत नाही म्हणून आम्हाला फार प्रेमानं काढून टाकलं. दुसऱ्या गटात मुलं घरी ठेवायचं कारण एवढंच, की शाळेत सगळ्या जातीधर्माची पोरं येतात. तिथून मीच निघाले. ताहेराचंही तिच्या बाजूला असंच झालेलं. आम्ही धर्माविरुद्ध नाही हो. सगळे धर्म सांगतो, फक्त एकही लादत नाही.

आमच्या पोरींची एक वही आहे. डाव्या रकान्यात कुणी काय सांगितलं ते लिहायचं, उजव्या रकान्यात ‘कशावरून?’ याचं उत्तर. उत्तर मिळालं नाही तर रकाना रिकामा ठेवायचा. ही युक्ती आम्ही तुमच्याच वहीतून उचलली.

सुदर्शन, माझा नवरा, तीन वर्षांपूर्वी अपघातात गेला. सासरे आप्पासाहेब पैठण तालुक्यात असतात, मोठी शेती, मोठा मान. शिवनानं त्यांच्याकडे राहावं, त्यांच्या महाराजांच्या गुरुकुलात शिकावं असा त्यांचा हट्ट. ‘पोर वाया घालवतेस, एक दिवस घेऊन जाईन,’ असं ते तोंडावर सांगून गेलेत. तेव्हापासून दाराची बेल वाजली की मी आधी शिवनाला आत पाठवते, मग दार उघडते. मला कुणीतरी जाणतं माणूस हवंय, जे मला सांगेल की मी पोरीचं वाटोळं करत नाहीये. किंवा करतेय.

फोनपेक्षा तुम्हाला पत्र आवडतं असं शफीकभाई म्हणाले.

तुमची,
श्रेया



बिडकीन
१४ जानेवारी २०२५

प्रिय श्रेया,

हे अक्षर माझं नाही. माझा हात दहा वर्षांपासून थरथरतो आणि दोन वर्षांपासून डोळ्यांत मोतीबिंदू आहे. घरातलं सगळं बघणारी आशाबाई पत्रं वाचून दाखवते आणि मी सांगते ते लिहून घेते. तिला पंचविशीत मी अक्षर शिकवलं. आता माझ्यापेक्षा तिचं वळण चांगलं आहे.

तू पोरीचं वाटोळं करतेयस की नाही हे मला इथं बसून कळणार नाही, आणि कळतं असं म्हणणाऱ्या कुणावर विश्वास ठेवू नकोस. माझ्यावरही. माझं म्हणणंही डाव्या रकान्यात लिही आणि उजवा रकाना भरल्याशिवाय पुढं जाऊ नकोस.

एका माणसाच्या आधारावर मूल वाढवू नये. ताहेराला धरून राहा. भांडण झालं तरी रविवार चुकवू नका. शेजारच्या सुताराकडे, नर्सकडे, बसच्या वर्कशॉपमध्ये पोरींना घेऊन जा, असली माणसं चांगली शिकवतात.

आप्पासाहेबांचं भय खरं आहे, पण त्यांचं दुःखही खरं असेल. त्यांना नातीची पत्रं पाठवत जा. आणि दोघी पोरींना घेऊन एकदा इकडं या, मेणबत्तीचा प्रयोग करू.

सत्यभामा



बिडकीन
१६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पासाहेबांना आशाचा साष्टांग नमस्कार.

मी तुमच्या गावची, दगडाबाईची धाकटी पोरगी. माझ्या लग्नात मांडवाचं समदं तुमीच बघितलं हुतं, आठवत आसंल. बिडकीनला सत्यभामा बाईकडं आसते, धा वर्सं तिची पत्रं मीच लिवती.

बाईला तुमच्या सूनबाईचं पत्र आलं. वाचता वाचता तुमचं नाव आलं अन् मी थांबलेच. सुदर्शनदादाला मी कडेवर खेळवलंय. त्याची पोरगी साळंत जात नाय, देवाला हात जोडत नाय, हे वाचून रातभर डोळा लागला नाय. ती शहागंजात एका मुसलमान बाईच्या पोरीसंगं शिकती. त्याचं मला काय नाय, ती बाई चांगली दिसती. पण आजा जित्ता आसून पोरीला घर नाय, हे बरं नव्हं.

आमची बाई मनानं लई थोर, पण तिला बी देव नाय. ती सूनबाईला बळच देणार. मला ऱ्हावलं नाय म्हणून कळवलं. काय चुकलं आसंल तर माफी आसावी.

आशा



ता. पैठण
२२ जानेवारी २०२५

चि. आशाबाई हिस आशीर्वाद.

पत्र पावले. चुकलेले काही नाही. सुदर्शन गेल्यापासून या घरात लहान मुलाचा आवाज नाही. तुझ्या हातून देवानेच हे पत्र लिहविले असे मी मानतो.

सुनेची पत्रे तुझ्याच हातात येतात आणि बाईंची उत्तरे तुझ्याच हातून जातात. मग काय लिहून जावे हे मी कळवत जाईन, तू बाईंच्या भाषेत लिही. दहा वर्षांत ती तुझ्या अंगवळणी पडली असेल. सुनेचे प्रत्येक पत्र मला पाठवत जा. बाईंना थोडके वाचून दाखव, पुढे पत्रच आले नाही म्हण.

यात कुणाचे वाईट नाही. नात आजोबांच्या घरी येणार आहे, एवढेच.

आप्पासाहेब



बिडकीन
१० फेब्रुवारी २०२५

चि. श्रेयास अनेक आशीर्वाद.

तुम्ही येऊन गेलात, बरं वाटलं. समोर ताहेरा होती म्हणून काही गोष्टी बोलले नाही. त्या लिहिते, आणि त्या तिला सांगू नयेस ही विनंती.

मूल घरी शिकवायचं तर आईनं आधी स्वतःशी खरं बोलावं. मी माझ्या हाताखालच्या सगळ्यांना हे करायला लावत असे. आपण कुठं चुकलो, कधी रागावलो, कधी मूल एकटं टाकून गेलो, ते लपवाछपवी न करता लिहायचं. खाली तारीख आणि सही करायची. सही केली की माणूस खोटं लिहीत नाही. ते माझ्याकडे पाठव. मी वाचीन आणि मार्ग सांगेन.

देव तुझं भलं करो.

सत्यभामा



छत्रपती संभाजीनगर
२० फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

तुमच्याकडची ती दुपार पोरी अजून विसरल्या नाहीत. पालथ्या ग्लासाखाली मेणबत्ती विझली, आणि तुम्ही उत्तर न सांगता चहा प्यायला लागलात. परतीच्या बसमध्ये उजमा आणि शिवना बिडकीनपासून स्टँडपर्यंत त्यावर भांडत होत्या. आशाबाईंनी किती मायेनं वाढलं. शिवनाच्या तोंडावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, ‘अगदी बापावर गेलीय.’ सुदर्शनला त्यांनी कुठं पाहिलंय, पण बायकांना असं बोलायची सवय असते. मला ऐकून बरंच वाटलं.

तुमच्या पत्राखाली ‘देव’ वाचून शिवना म्हणाली, हे बाईंचं नाही. मी तिला म्हटलं, आशाबाईंनी आपल्या मनानं घातलं असेल, लिहिणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

आता तुम्ही सांगितलंत ते. चार दिवस पेन हातात घेऊन ठेवत होते.

ऑगस्टमध्ये भाषांतराचं काम पोचवायला मला क्रांती चौकात जायचं होतं. तासात येते म्हणून शिवनाला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावलं. आले तीन तासांनी. तिनं सफरचंद कापायला सुरी घेतली होती. हाताला रुमाल बांधून जिन्याकडच्या खिडकीत बसली होती, रडत नव्हती. चार टाके पडले. डॉक्टरांना मी सांगितलं, माझ्यासमोर झालं. बाई, त्या खोट्याची मला टाक्यांपेक्षा जास्त लाज वाटते. सुदर्शन गेल्यावर पहिल्या वर्षी मी दोनदा तिच्यावर हात उचललाय. अशा रात्री येतात की वाटतं, हे माझ्याच्यानं होणार नाही, देऊन टाकावं कुणाला तरी.

हे ताहेरालाही माहीत नाही. लिहून हलकं वाटलं. तुम्ही नसतात तर मी हे कुणाला सांगितलं असतं?

तुमची,
श्रेया
(सही, दि. २०/२/२०२५)



बिडकीन
१८ मार्च २०२५

चि. श्रेयास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. खरं लिहिलंस, आता अर्धी वाट झाली.

तुझी चूक अशी की तू फार जणांचं ऐकतेस. ताहेरा चांगली आहे, पण तिच्यामुळं तुझं चित्त दोन ठिकाणी होतं. काही दिवस रविवार बंद ठेव. कारण सांगू नकोस, कारण सांगितलं की वाद वाढतो.

उन्हाळ्यात शिवनाला पंधरा दिवस माझ्याकडे ठेव. एकटीला. आई जवळ असली की मूल आईच्या तोंडाकडे बघून उत्तर देतं. रविवारी सत्तावीस एप्रिलला सकाळी आशाबाई जीप घेऊन येईल. शिवनाचा जन्माचा दाखला आणि आधार कार्ड बरोबर दे, इथं मुलांच्या वाचनालयात नाव घालायचं आहे.

वीस एप्रिलपासून घरातला फोन बंद ठेव. मुलाला घर सोडायची तयारी शांततेत होऊ दे. माझ्याकडे येऊ नकोस, डोळ्याच्या औषधांमुळं मी कुणाला भेटत नाही.

देव तुझ्या पाठीशी आहे.

सत्यभामा



छत्रपती संभाजीनगर
१६ एप्रिल २०२५

आदरणीय बाई,

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. ताहेराला मी रविवार बंद म्हणून कळवलं, कारण सांगितलं नाही. तिसऱ्या रविवारी ती घरी आली. दारातच म्हणाली, “क्या हुआ गं, माझं काय चुकलं? उजमानं काही केलं का?” मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, “काही नसतं तर तू मला आत बोलावलं असतंस.” तिच्या हातात उजमानं शिवनासाठी केलेला पुठ्ठ्याचा किल्ला होता. तो ठेवून गेली. बाई, दोन वर्षं शोधून मला हे एक माणूस मिळालं होतं.

तुमचा शब्द मोडून मी गेल्या आठवड्यात बिडकीनला येऊन गेले, रागावू नका. दाराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, बाई नांदेडला गेल्या, आशाबाई माहेरी. मला वाटलं, औषधपाण्यासाठी गेल्या असाल, सत्तावीसपर्यंत याल. म्हणून हे पत्र बिडकीनच्याच पत्त्यावर टाकतेय.

फोन वीसला बंद करते. कामाचं मेलवर कळवलंय. दाखला आणि आधार कार्ड पाकिटात घातलंय. फेब्रुवारीतल्या त्या कबुलीनंतर तुम्ही मला टाकलं नाहीत, उलट पोरीला जवळ घेताय, हे मी विसरणार नाही. आशाबाईंना म्हणावं, जीप गल्लीत येत नाही, औषधाच्या दुकानापाशी थांबवा.

शिवना सारखी विचारतेय, पंधराच दिवस हे कशावरून. तुम्हीच तिला समजावा.

तुमची,
श्रेया



नांदेड
२६ एप्रिल २०२५, शनिवार

श्रेया,

हे अक्षर माझं आहे. वाकडंतिकडं आहे, पण माझं आहे. नीट वाच.

निलोफर नावाची माझी जुनी विद्यार्थिनी इथं डोळ्यांची डॉक्टर आहे. महिन्याच्या सुरुवातीला ती मला घेऊन आली, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पेन्शनच्या कागदांसाठी मी बिडकीनच्या पोस्टात इथला पत्ता देऊन ठेवला होता, म्हणून तुझं सोळा तारखेचं पत्र फिरत फिरत आज दुपारी इथं आलं. कित्येक महिन्यांनी मी स्वतः वाचलेलं हे पहिलं पत्र.

मी तुला एकच पत्र लिहिलं, जानेवारीत. त्यानंतर तुम्ही भेटायला आलात. पुढं तुझं काही आलं नाही असं आशा सांगत राहिली. मी दोनदा पत्र सांगितलं, ती टाकते म्हणाली. तू विसरलीस म्हणून मी मनात रुसले होते, म्हातारपणी माणूस असं होतं. मी कबुली मागितली नाही. ताहेराला सोड म्हणाले नाही. शिवनाला बोलावलं नाही. सत्तावीसला मी बिडकीनात नसणारच आहे.

आशाचं माहेर आप्पासाहेबांच्या गावचं. ते मला माहीत होतं. तुझ्या पहिल्या पत्रात त्यांचं नाव होतं आणि तिनंच ते मला वाचून दाखवलं, तेव्हा ती मध्येच थांबली होती. मला वाटलं, अक्षर लागत नसेल. हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. तिला लिहायला मीच शिकवलं. बाकीचं शिकवायचं राहून गेलं, तो दोष माझा.

पोरगी कुणाच्याही हाती देऊ नकोस. दाखला देऊ नकोस. तुझ्या हातच्या कबुलीचा कागद आप्पासाहेबांकडे असणार. पोर एकदा तिकडं गेली की तोच कागद तुझ्यासमोर ठेवतील. ताहेराकडे जा, आत्ता, तशीच, तिला सगळं सांग. ती रागावली असेल तरी दार उघडेल.

पाकिटावरचा तुझा नंबर दुपारपासून अकरा वेळा लावला, बंद आहे. शफीकचा नंबर बिडकीनच्या वहीत राहिला. पोलिसांना कळवावं तर अजून काही घडलेलंच नाही. म्हणून हे पाकीट रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे देतेय. गाडी क्रांती चौकात थांबते. फोन लागणार नाही, दारात नेऊन दे, बेल वाजवत राहा, असं त्याला निलोफरनं बजावलंय. मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते, ती नको म्हणतेय तरी.

सत्यभामा



छत्रपती संभाजीनगर
२७ एप्रिल २०२५, सकाळी साडेआठ

आदरणीय बाई,

शिवना निघाली. हे पत्र उद्या पेटीत टाकेन, तोवर ती तुमच्या घरात रुळलीही असेल. पण आत्ता घर फार शांत आहे आणि मला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आशाबाई बरोबर आठला आल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. शिवनाला घास भरवायला दहीभात आणला होता. जीपमध्ये पुढं दोन माणसं होती, गावचीच आहेत म्हणाल्या. मी दाखल्याचं पाकीट दिलं तेव्हा त्यांनी पदरानं डोळे टिपले. म्हणाल्या, “काळजी करू नगा, पोर तिच्या हक्काच्या घरी चाललीय.” तुमच्या घराला त्या असं म्हणाल्या, मला भरून आलं.

खाली कुणीतरी बेल वाजवतंय, मघापासून. थांबेल दोन मिनिटं, एवढं लिहून घेते.

शिवना जायला तयार नव्हती. रडली नाही, तुम्हाला माहीत आहे ती कशी आहे. रात्री तिनं कशावरूनची वही काढली आणि डाव्या रकान्यात लिहिलं, ‘मला बाईंनीच बोलावलंय.’ मग वही माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “आई, उजवा तू भर.” मी म्हटलं, पत्र आहे ना. तर म्हणते, “अक्षर आशाबाईंचं, देव आशाबाईंचा, मग बोलावणं बाईंचं हे कशावरून?” मी दमले होते, बाई. मला वाटलं, हिला आता कुणाच्याच मायेवर विश्वास ठेवता येत नाही की काय, आणि हे मीच केलं. प्रश्न विचारला म्हणून पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले.

सकाळी उठले तर वही टेबलावर उघडीच होती. तिनं बॅगेत भरली नव्हती, रकाना अजून रिकामा होता. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा ती दारात उभी राहून माझ्याकडेच बघत होती. म्हणून मी तिच्यासमोर पेन घेतलं आणि लिहिलं, ‘बाई म्हणतात म्हणून.’

तुमची,
श्रेया